पुरळ माझं, नाव आंब्याचं

दचकू नका, मीच बोलतेय. मी एक किल्ली. खुंटीवरची, कॅलेंडरच्या शेजारची.

तुमच्यापेक्षा जास्त मीच दचकले आहे, कारण मला बोलायची सवय नाही आणि दचकायची फार आहे. मागे नारळ पडला की मी दचकते. कुलपात शिरताना दचकते. बाहेर निघताना, आत काही राहून तर गेलं नाही ना, म्हणून पुन्हा एकदा दचकते. असल्या स्वभावाच्या किल्लीने खरं तर एखाद्या शांत कपाटाला लागावं, ज्यात शालू असतात आणि जे वर्षातून दोनदा उघडतात. पण मी लागले आंब्याच्या खोलीला. तीही रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या बाजूची, आणि तीही ऐन एप्रिलात.

माझा जन्म कुठे झाला ते नीट आठवत नाही. फार आवाज होता एवढं आठवतं. पितळेच्या पट्टीतून मला कापलं, करवतीने दात पाडले आणि मग एका टाकीत बुचकळून वर पांढऱ्या धातूचा चकचकीत मुलामा चढवला. शेजारच्या किल्लीच्या अंगात मी माझं रूप पाहिलं आणि हरखले. चांदीच की! त्या मुलाम्याचं नाव मात्र मला कुणी सांगितलं नाही. निदान सांगायला तरी हवं होतं. आपण अंगावर काय घालून फिरतोय ते माणसाला ठाऊक असतं, किल्लीला का नसावं?

रत्नागिरीच्या बाजारात, दोऱ्या आणि खिळे विकणाऱ्या एका दुकानात, मी कुलपाला बांधलेली लटकत होते. एक दिवस दर्शना आली.

"कुलूप द्या चांगलं. म्हाताऱ्या माणसाला उघडता येणार नाय असं."

दुकानदाराने चष्मा वर केला. "चोर म्हातारा हाय?"

"सासरे आहेत," दर्शना म्हणाली.

तर ते सासरे म्हणजे आबा. नाव भागोजी, वय त्र्याहत्तर. घरामागची कलमं त्यांनी स्वतः लावलेली, कातळात सुरुंग लावून, खड्ड्यात लांबून आणलेली माती भरून. आता त्याच कलमांचा आंबा त्यांना बंद, कारण रक्तात साखर. गेल्या साली मात्र खोलीतले आंबे कमी होत गेले आणि आबांची साखर वाढत गेली. दर्शनाचा नवरा मुंबईत नोकरीला, त्यामुळे घरातले सगळे तपास तीच लावते. हाही तिने लावला.

माझ्याबरोबर माझी जुळी बहीणही होती. पहिल्याच दिवशी आबा म्हणाले, "ही आण हिकडं, मी नीट ठेवतो." त्यांनी इतकी नीट ठेवली की कुठे ठेवली ते त्यांनाही आठवेना. ती अजून सापडलेली नाही. म्हणजे घरात किल्ली एकच उरली, मी. माझ्यासारख्या घाबरटाला एवढी जबाबदारी!

"ज्ञानू, इकडे ये," दर्शनाने हाक मारली.

ज्ञानेश्वरी तेरा वर्षांची. नुकतीच परीक्षा देऊन मोकळी झालेली. या मुलीची घरात, वाडीत आणि शाळेत एकच ख्याती: खोटं बोलत नाही. गृहपाठ कुणी केला नाही असं बाईंनी विचारायच्या आत हिचा हात वर. मैत्रिणी त्यामुळे हिच्या शेजारी बसायला कचरतात.

"ही किल्ली तुझ्याकडे. गळ्यातून काढायची नाय. आंघोळीलाही नाय."

"आबांनी मागितली तर?"

"द्यायची नाय."

"रडले तर?"

दर्शनाने जरा विचार केला. "तरी नाय."

पडवीत बसून सुपारी कातरणारे आबा मोठ्यांदा म्हणाले, "मी ऐकतोय गो सगळा!"

मला काळ्या गोफात ओवलं आणि ज्ञानूने मला गळ्यात घातलं, फ्रॉकच्या आत. मी तिच्या छातीवर टेकले. आत काहीतरी धडधडत होतं. आधी मी घाबरले. मग कळलं, हे असंच चालू असतं. थांबलं तर घाबरायचं. दोन दिवसांत मला त्या आवाजाची इतकी सवय झाली की त्याशिवाय झोप येईना.

सकाळ-संध्याकाळ ती मला बाहेर काढी, खोली उघडी. आत अढी घातलेली. अढी म्हणजे पेंढ्यावर ओळीने निजवलेले हिरवे आंबे. दहा-बारा दिवसांत ते पिवळे होऊन जागे होतात. ज्ञानू एकेकाच्या देठाशी नाक न्यायची, पिकलेला वेगळा ठेवायची आणि डागी असेल तर त्याच्याकडे बघून "अरेरे" म्हणायची. दुपारच्या जेवणाला एक आंबा तिचा. मेहनताना म्हणा. तो ती पडवीच्या पायरीवर बसून, कोपरापर्यंत ओघळ येईपर्यंत खायची. मी गळ्यात बसून बघायचे. माझं आयुष्य चांगलं चाललं होतं. आणि मला चांगलं चाललं की धाकधूक सुरू होते.

चौथ्या दिवशी तिने मला बाजूला सारून छाती खाजवली.

पाचव्या दिवशी तिथे लाल पुरळ होतं. सहाव्या दिवशी पुरळाला पाणी सुटलं. घामाने ती आधीच भिजलेली, त्यात मी वर चिकटलेली. मी म्हणाले, बिचारीला काय हे झालं! आणि धीर द्यायला तिला आणखी बिलगले. आज ते आठवलं की मला गंजून जावंसं वाटतं.

घरात वैद्यकी सुरू झाली. दर्शनाला वाटलं पित्त, तिने आमसुलाचं पाणी चोळलं. ज्ञानू पडवीभर नाचली. मग खोबरेल झालं. मग जेवणातल्या तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, बंद झाल्या. शेवटी आबांनी चष्मा लावून पुरळ जवळून पाहिलं. आमच्याकडे आंब्याच्या दिवसांत कुणाच्या अंगावर काही उठलं की त्याचं कारण शोधायची पद्धत नाही. कारण झाडावर लटकत असतं.

"चिकान उठलाय," आबांनी निकाल दिला. "आंब्याचा चीक. माझ्या भावाच्या तोंडावर उठला होता, लग्नात मुंडावळ्या बांधता येत नव्हत्या. आंबा बंद कर तिचा. खोलीत पाऊल नको."

"आणि किल्ली?" दर्शनाने विचारलं.

"किल्ली काय, मी सांबाळीन," आबा वाऱ्याशी बोलल्यासारखं बोलले.

दर्शनाने त्यांच्याकडे फक्त पाहिलं. मला गळ्यातून काढलं आणि तूरडाळीच्या डब्यात पुरलं.

डाळीत मला ती धडधड ऐकू येईना. अंधार, गारवा आणि वर रोज एक वाटी कमी होणारी डाळ. एके दिवशी आपणही आमटीत जाणार, या भीतीने मी अर्धी झाले. पण बाहेरचं बोलणं कानावर यायचं.

"खाज कशी हाय गो?"

"कमी आहे."

आठवड्याने, "गेली."

"बगितलास?" आबांचा विजयी आवाज. "आंबा बंद, खाज बंद!"

डाळीत पडल्यापडल्या मी हिशोब केला आणि माझ्या अंगावर काटा आला. आंबा बंद झाला त्या दिवशी आणखीही काहीतरी बंद झालं होतं. मीही तिच्या अंगावरून गेले होते. आंबा तिने बोटांनी सोलला, ओठांनी खाल्ला; बोटं, ओठ, कोपर, सगळं साफ होतं. पुरळ उठलं ते नेमकं माझ्याखाली.

मी ओरडले असते. पण डब्यात पुरलेल्या किल्लीला कोण विचारतं!

तेवढ्यात डाळीत पाच बोटं शिरली. मला वाटलं आता आमटीच. पण ती बोटं आबांची होती.

दुपारची जेवणं होऊन सगळी लवंडली की आबा मला करगोट्याला अडकवत, मांजराच्या पावलांनी खोलीशी जात आणि कुलपाला हळूच "उघड बाबा" म्हणत. आत पेंढ्यात मांडी घालून बसत. आंबा हातात फिरवत, वास घेत, पाच मिनिटं नुसता बघत बसत. मग खात. त्यांच्या कमरेला मी दिवसातून तासभर असे, पण तिथे साधा लाल ठिपकाही उठला नाही. तेव्हा मला पुन्हा वाटलं, मी निर्दोष असेन. सुटकेची आशा फार वाईट असते. मी ती दोन-तीन दुपारी उराशी धरली.

चौथ्या दुपारी आबा बाहेर आले तेव्हा दर्शना पडवीत उभी होती.

"कुठे होता?"

"गुरांकडं."

"गुरं गेल्या साली विकली, आबा."

त्यांच्या बनियनवर पिवळा डाग होता आणि मिशीत पेंढ्याची काडी. बोट टोचून साखर तपासायचं यंत्र निघालं, आकडा आला आणि आबा त्या आकड्याकडे परक्याच्या पोराकडे बघावं तसे बघत राहिले.

आता घरात विश्वासाचं माणूस पुन्हा एकच उरलं. "ज्ञानू, आंब्याला हात लावायचा नाय तू," दर्शना म्हणाली, "पण किल्ली तुझ्याच गळ्यात. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाय."

काळा गोफ, फ्रॉकच्या आत, तीच जागा. तीच धडधड. मला आनंद व्हायला हवा होता. मी अंग चोरून, गोफाला शक्य तितकी वर धरून लटकायचा प्रयत्न केला. पण किल्ली ती. खाली लोंबायचंच तिला माहीत.

दोन दिवसांत पुरळ परत आलं. या वेळी जास्त.

दर्शनाने ते पाहिलं आणि ज्ञानूकडे पाहिलं. "चोरून खाल्लास ना?"

"नाय खाल्ला."

"मग आलं कसं परत?"

"माहीत नाय."

मग दर्शनाने जे केलं ते तिने आधी कधीच केलं नव्हतं. ज्ञानूचा हात धरून तिने नाकाशी नेला आणि हुंगला.

आंब्याचा वास आला.

येणारच! तो वास माझ्या अंगाला होता, आबांच्या चिकट बोटांचा. ज्ञानूने सकाळीच मला चाचपलं होतं. पडवीत बसलेल्या आबांनी मान खाली घातली आणि एकच सुपारी किती तरी वेळ कातरली.

"मला खोटं बोललेलं चालत नाय, ज्ञानू. तू आणि खोटं?" दर्शनाचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. तिने तिथूनच चिपळूणला नणंदेला फोन लावला. "सखूताई, उद्या येताय ना बाजाराला? मग पोरीला न्या महिनाभर. इथे राहिली तर आंबा सोडायची नाय."

ज्ञानू रडली नाही. "आंबा नको मला," ती म्हणाली. "जन्मात नको. पण मी खाल्ला नाय."

मी तिच्या छातीवर होते. ती धडधड किती जोरात चालली होती ते फक्त मला माहीत आहे.

त्याच संध्याकाळी बिल्किस आली. ती पलीकडच्या मोहल्ल्यातली, रत्नागिरीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. तिचे अब्बा कमालभाई आखातात नोकरीला. रजा संपवून परत निघाले होते, त्यांच्यासाठी आंब्याच्या दोन पेट्या सांगायला ती आली होती. पायरीवर मांजर आडवं आलं तर "या अल्ला!" म्हणून उडालीच. मला इतकं बरं वाटलं! जगात आपल्यासारखं दुसरं कुणीतरी आहे, हे कळलं.

"काय गो, तोंड का असं?" तिने ज्ञानूला विचारलं.

ज्ञानूने सगळं सांगितलं आणि सांगता सांगता, खाजवायला म्हणून, मला फ्रॉकच्या बाहेर ओढलं.

बिल्किस माझ्याकडे बघू लागली. मग पुरळाकडे. मग परत माझ्याकडे. मला वाटलं आता मी वितळणार.

"ही कधीपासून घालतेस?"

"परीक्षा संपल्यापासून. मधे डाळीत होती."

"डाळीत होती तेव्हा खाज होती?"

ज्ञानूने मला डोळ्यांसमोर धरलं. "नव्हती."

"आणि जत्रेतल्या त्या खोट्या कुड्या घातल्यास तेव्हा कान पिकले होते ना तुझे? काकी सोनाराच्या सुईला शिव्या देत होत्या?" बिल्किस उठली. "दर्शनाकाकी, उद्या हिला पाठवू नका. म्हणजे पाठवा, पण मी आल्यावर. मी सरांना विचारून एक वस्तू आणते."

"कसली वस्तू?"

"घाबरू नका," बिल्किस म्हणाली, आणि तिचाच आवाज थरथरला.

दुसऱ्या दिवशी सखूआत्या अकरालाच हजर. ज्ञानूची पिशवी भरून पायरीवर. बिल्किस धापा टाकत आली ती दोन छोट्या बाटल्या आणि कान पुसायच्या कापसाच्या काड्या घेऊन. एका बाटलीचं बूच उघडताच असा भपका आला की आबा शेजारच्या वाडीत जायला निघाले.

"बसा आबा. धातूत निकेल असलं तर कापूस गुलाबी होतो. नसलं तर नाही. बस."

"निकेल म्हंजे?"

"चकाकी यायला वरून देतात तो मुलामा. घामाने थोडा थोडा सुटतो. कुणाला काही होत नाही, कुणाच्या अंगाला अजिबात चालत नाही."

आधी आबांचा तांब्या झाला. कापूस पांढरा. मग अडकित्ता. मळकट, पण गुलाबी नाही. "माझी वस्तू एकपण खोटी नाय," आबा म्हणाले. मग जत्रेतल्या कुड्या. बिल्किसने अर्धा मिनिट घासलं, काडी वर धरली. कापूस गुलाबी झाला. सखूआत्याने "अगो बाय" म्हणून पदर तोंडाशी नेला.

मग ज्ञानूने मला गळ्यातून काढून पाटावर ठेवलं.

खरं सांगते, मला पाटाखाली घरंगळायचं होतं. गुलाबी झाला तर ही जागा गेली, तो गोफ गेला, ती धडधड गेली. पण नाही झाला तर? तर ही मुलगी चिपळूणला जाणार आणि महिनाभर, कदाचित जन्मभर, खोटारडी म्हणून राहणार. ओला कापूस अंगाला लागला. थंड होता, वास डोक्यात गेला. मी जागची हलले नाही. होऊ दे, म्हटलं, गुलाबी. चांगला भडक होऊ दे.

झाला. लग्नाच्या पत्रिकेसारखा गुलाबी.

मग आबा म्हणाले, "म्हंजे आंब्यान कायच केला नव्हता?"

"काहीच नाही, आबा."

"मग माझ्या कमरेला कसा काय नाय झाला?"

"तुमच्या अंगाला चालतं. हिच्या नाही."

दर्शना मात्र खाली बसली होती, भरलेल्या पिशवीजवळ. "ज्ञानू," ती म्हणाली, "मी तुझा हात हुंगला गो."

ज्ञानूने तिच्याकडे बघितलं, मग पडवीच्या टोकाला. "मग आता आबांचा हुंग."

आबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. आधी सखूआत्या हसली, मग बिल्किस, मग ज्ञानू स्वतः, आणि शेवटी डोळे पुसत दर्शना. "माझ्याच बोटांचा वास तो, किल्लीला लागलेला," आबा पुटपुटले. "काल सांगायला हवा होता मी. जीभ उचलली नाय." ज्ञानूने पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

पुढे रत्नागिरीच्या कातडीच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. मलम दिलं. काही मुलांना आंब्याचा चीकही बाधतो, म्हणाले, पण हिचं पुरळ त्याचं नाही. निकेलचा हा त्रास एकदा अंगाला लागला की सुटत नाही, म्हणून कानातलं, पट्ट्याचं बक्कल, पँटचं बटण, सगळं पुढे बघून घ्यायचं. ज्ञानूने ते वहीत लिहून घेतलं.

बिल्किसने माझ्यावर नखांचं बिनरंगी पॉलिश चढवून पाहिलं. पंधरवड्यात त्याचे पोपडे निघाले. तेव्हा गळ्यातलं माझं राहणं संपलं ते संपलंच. आता मी इथे खुंटीवर. ज्ञानू अजूनही खोलीची मालकीण आहे. ती मला ओढणीच्या टोकात धरते, कुलूप उघडते, परत टांगते. रोज दुपारी पायरीवर बसून आंबा खाते. आबांना डॉक्टरांना विचारून एक फोड मिळते, तीही तिच्या हातून. धडधड मला आता ऐकू येत नाही. ओढणीतून थोडीशी ऊब येते, तेवढी पुरते.

परवा सखूआत्याचा फोन आला होता. तिला कुणीतरी विचारलं होतं म्हणे, की भागोजींच्या नातीने चोरून आंबे खाल्ले का. दर्शना माझ्या शेजारीच उभी होती, म्हणून मी ऐकलं.

"नाय," ती म्हणाली. "बिल्किसने तपासलं म्हणून सांगत नाय मी. ज्ञानू नाय म्हणाली होती, तिथेच मी थांबायला हवं होतं."

मला तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. माझ्यासारख्या लाखो जणी तुमच्या मुलांच्या अंगावर आहेत. बटणं आहोत, बक्कलं आहोत, कुड्या आहोत, साखळ्या आहोत. आम्ही वाईट नाही, फक्त काही कातड्यांना चालत नाही, आणि ते सांगायला आम्हाला तोंड नाही. मुलांना आहे. तेव्हा पोर खाजवत आली आणि मी काही खाल्लं नाही म्हणाली, तर तिचा हात हुंगू नका. फ्रॉकची गुंडी सोडा आणि गळ्यात काय लटकतंय ते बघा.